रेणूनं अजून वर्दी दिलेली नाही

माझी मुलगी रेणू दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून पडली आहे आणि अजून खाली पोचलेली नाही. जिन्याच्या मधल्या पोकळीत, पहिल्या मजल्याच्या जरा वर, ती आडवी थांबली आहे. एक पाय दुमडलेला, वेणी वर उभी, डाव्या हातात झेंडूच्या माळेचं टोक. तिची एक चप्पल मात्र तेव्हाच खाली पोचली. चपलेला तोंड नसतं, त्यामुळं तिला कुणाला काही सांगावं लागत नाही.

आमच्या इमारतीत माणसाच्या बाबतीत झालेली गोष्ट त्या माणसानं तोंडानं सांगितल्याशिवाय पुरी होत नाही. याला आम्ही वर्दी देणं म्हणतो. ज्याची गोष्ट त्यानंच वर्दी द्यायची. दुसऱ्यानं चौकात उभं राहून ओरडलं तरी ती वर्दी होत नाही. बाकीच्यांनी करायचं एवढंच, की आधी येऊन त्याच्या कमरेला एक दोरा बांधायचा, दुसरं टोक आपल्या मनगटाला ठेवायचं, आणि बांधताना म्हणायचं: अमुक झालं तर मी, अमका, असं असं करीन. वर्दी आली की दोरे ताठ होतात. ज्यानं आधी बांधला त्याचा आधी. त्याचं काम पुरं झालं की मग पुढच्याचा. इचलकरंजीत सुताला तोटा नाही, त्यामुळं दोऱ्यांची अडचण कधी आलेली नाही.

दुपारी मी पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवते. त्यात हेच फळ्यावर लिहिते. ऑब्जेक्टनं आपला इव्हेंट आपणच उठवायचा, बाकीच्यांनी आपापले हँडलर आधीच जोडून ठेवायचे, आणि उठवणाऱ्यानं कोण ऐकतंय याची पंचाईत करायची नाही. पोरांना हे जड जातं. मला कुणी शिकवलं नाही. रेणू इंजिनीअरिंगला होती तेव्हा तिच्या मागं मेथी निवडत बसायचे आणि तिच्या खांद्यावरून वाचायचे. बाकीचं डोक्यावरून गेलं, पण इव्हेंटचा धडा एका बैठकीत कळला. लग्न होऊन या इमारतीत आले तेव्हापासून मी दुसरं काय करत होते.

झालं ते असं. इमारतीचे सेक्रेटरी मुरदंडे अण्णा, पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांच्या मुलाचा साखरपुडा रविवारी. जिन्याला माळा लावायला त्यांनी रेणूला बोलावलं, कारण रेणू उंच आहे आणि तिला नाही म्हणता येत नाही. स्टूल डुगडुगत होतं. अण्णांनी ते बघितलं, आणि स्टूल बदलण्याऐवजी खिशातून दोरा काढून रेणूच्या कमरेला बांधला. म्हणाले, "पडलीस तर मी, दत्तात्रय मुरदंडे, सगळ्यांसमोर सांगीन की मी आधीच सांगितलं होतं." शेजारी शकुताई लाटकर जिना पुसत होत्या. फरशी ओली होती. त्यांनीही हात पदराला पुसून दोरा बांधला. "पडलीस तर मी, शकुंतला लाटकर, खालची फरशी पुसून घेईन." मग रेणू स्टुलावर चढली.

मी तिथंच, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात, शिकवत होते. चप्पल पडल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले.

माझे दोरे रेणूला कमी नव्हते. ताप आला तर. घरी यायला उशीर झाला तर. कुणी मन दुखवलं तर. कुणी आवडलं तर, हा तर नवाकोरा आहे, अजून एकदाही ओढला गेलेला नाही. 'पडली तर' हा ती चालायला लागली तेव्हाच बांधला होता, पण सातवीत तिनंच सोडायला लावला. मैत्रिणी हसतात म्हणाली. खरं होतं, हसत होत्या.

मी पहिल्या मजल्यावर उतरून कठड्याला पोट टेकवून वाकले, वेणीच्या बाजूनं हात घातला आणि तिच्या कमरेला नवा दोरा बांधला. "पडलीस तर मी, तुझी आई, तुला धरीन." धरलं की पडणं संपतं, हाही नियम आहे. पण माझा दोरा तिसरा होता. रेणूनं तोंड उघडलं की ती पुढं पडायला लागणार. पहिल्यांदा अण्णा बोलणार, सगळं बोलून होईपर्यंत. मग शकुताई फरशी पुसणार. मग माझे हात हलणार. अण्णांचं भाषण तुम्ही ऐकलेलं नाही.

रेणूला हे सगळं माझ्याआधी कळलं होतं. ती ओठ घट्ट मिटून माझ्याकडं बघत होती. अधांतरी माणसाच्या तोंडून निघालेला पहिला आवाज हीच वर्दी, मग तो शब्द असो, शिंक असो, उचकी असो. मी मान हलवली. तिनं मान हलवली नाही, नुसत्या पापण्या मिटून उघडल्या.

मी खाली गाद्या घातल्या. घरातल्या सगळ्या, वर पाहुण्यांची दुलई. अण्णा बघून हसले, उचला म्हणाले नाहीत. त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. गादीला मनगट नसतं. दोरा नसलेली गोष्ट पडणाऱ्याच्या वाटेत येत नाही, ती तिथं असते एवढंच. तळमजल्यावर चौगुले गुरुजी होते. त्यांच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांनी शुद्ध, स्पष्ट आवाजात वर्दी दिली. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, उच्चार चुकणार नाहीत. पण दोरा कुणाचाच नव्हता. त्यांच्या उघड्या दारावरून आम्ही सगळे भाजीच्या पिशव्या घेऊन वर गेलो. गाद्या घालताना मला त्यांच्या दाराला लावलेलं कुलूप दिसत होतं.

मी अण्णांकडं गेले. ते सोफ्यावर बसून साखरपुड्याच्या पेढ्यांची चव बघत होते. रेणूकडून आलेला त्यांचा दोरा दारातून आत येऊन त्यांच्या मनगटावर, घड्याळाच्या शेजारी बांधलेला होता. मी म्हटलं, अण्णा, तेवढा दोरा सोडा, हवं तर तिला धरल्यावर परत बांधा.

"वहिनी, दोरा सोडला तर ती पडल्याचं मला कळणार कसं?"

मी म्हटलं, मी येऊन सांगीन.

"तुम्ही सांगून काय उपयोग. नियम तुम्हीच पोरांना शिकवता."

मग मी विचारलं, भाषण तरी थोडक्यात करता का. त्यांनी याचा खरंच विचार केला. डोळे मिटून, ओठ हलवत, मनातल्या मनात म्हणून बघितलं. मग म्हणाले की त्यात स्टुलाचा मुद्दा आहे, हल्लीच्या मुलींचा मुद्दा आहे, आणि शेवटी इमारतीच्या शिस्तीचा. यातला कुठला काढू तुम्हीच सांगा. पेढा घ्या.

मी पेढा घेतला. रेणूला पेढा आवडतो.

तिला भरवायची सोय मी केली होती. काठीला पळी बांधली आणि पहिल्या मजल्यावरून तिच्या तोंडापर्यंत पोचवायची. पेज, ताक, कुस्करलेला पेढा. ती आवाज न करता गिळायला शिकली. लहानपणी या मुलीला भरवताना सगळ्या गल्लीला कळायचं. ताकात मी जिरं घालत नव्हते, घशाला लागेल म्हणून.

मग मी शकुताईंकडं गेले. त्यांचं दार माझ्या दारासमोर. त्यांच्या बाळंतपणात मी डिंकाचे लाडू केलेत. त्यांनी मला बराच वेळ उभं ठेवलं. माझ्या मोरीचं पाणी त्यांच्या भिंतीला झिरपतं ते सांगितलं. माझ्या क्लासची पोरं त्यांच्या दारात चपला काढतात ते सांगितलं. मी सगळ्याला हो म्हटलं. शेवटी त्या बाहेर आल्या, चारचौघांना हाका मारून गोळा केलं, आणि सगळ्यांच्या देखत कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "मी, शकुंतला लाटकर, फरशी पुसून घेईन म्हणाले होते ते सोडते." गाठ सुटली. दोरा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो गुंडाळून कंबरेला खोचला. मी त्यांच्या पाया पडले. वयानं त्या माझ्याहून लहान आहेत.

उठताना मला रेणूच्या कमरेला तसाच आणखी एक पांढरा दोरा दिसला. अण्णांच्या आणि माझ्या मधे, जिथल्या तिथं.

"शकुताई, हा तुमचाच आहे."

त्यांनी वाकून बघितलं. "असेल. घाईत दोनदा बांधला असेल."

"मग हाही सोडा."

"एकदा सोडला ना सगळ्यांसमोर? दरवेळी काय तमाशा करायचा. आणि मुरदंड्यांकडं पाहुणे यायचेत, खाली घाण राहिली तर नाव माझं जाईल." मग जाता जाता, वळून, "आमचं काम नाव घेऊन असतं बाई. तुमच्या पोरीसारखं बिननावाचं नाही."

हे त्या माझ्या पोटावरच्या दोऱ्याबद्दल बोलल्या. तो सगळ्या इमारतीला माहीत आहे. रेणू चार वर्षांची असताना मी मोरीत साबणावरून घसरले होते, पडता पडता वाचले. तिनं बाबिनीवरून दोरा तोडून आणला, माझ्या परकराच्या नाडीच्या वर बांधला आणि म्हणाली, "आई पडली तर धरणार." कोण धरणार ते म्हणायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. सोडताना बांधणाऱ्याचं नाव घ्यावं लागतं, आणि तेही बांधताना घेतलेलंच. इथं नावच घेतलेलं नाही, त्यामुळं तो दोरा कुणालाच सोडता येत नाही, रेणूलासुद्धा. तो माझ्या पोटात थोडा रुतला आहे. दुसरं टोक तिच्या मनगटावर, बांगडीखाली. पाहायला येणाऱ्या मंडळींसमोर ती पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालते. तेव्हापासून मी काही पडलेली नाही, म्हणून त्याची कधी गरज लागली नाही.

सुरतेहून रेणूच्या बाबांचा फोन आला. ते तिकडं यंत्रमागावर कामाला असतात. त्यांचाही दोरा आहे, पडण्याचा नाही, तापाचा, पण इतक्या लांब येईपर्यंत ताण राहत नाही, त्यांना सगळं उशिरा आणि हलकंसं कळतं. त्यांनी विचारलं, रेणू फोन का घेत नाही. मी म्हटलं, कामात आहे. ते म्हणाले, मग ठीक आहे, तिला काही बोलू नको.

त्यानंतर इमारतीनं दोरे बांधायला सुरुवात केली. आपण मागं राहिलो असं कुणाला वाटायला नको होतं. वरच्या मजल्यावरच्या पाटलीणबाईंनी 'पडलीस तर मी हळहळीन' म्हणून बांधला. कुणी व्हिडिओ काढीन म्हणून बांधला. कुणी तिच्या ऑफिसला कळवीन म्हणून, कुणी असंच होणार होतं म्हणीन म्हणून. दोन घरांनी नुसतं बघीन म्हणून बांधले. धरीन असं कुणी म्हटलं नाही. मी मागितलंही नाही, कारण त्यांचा नंबर माझ्यानंतरच लागणार होता. सगळ्या मजल्यांवरून, सगळ्या दारांतून दोरे येऊन तिच्या कमरेशी मिळत होते. जिना मागावर चढवलेल्या ताण्यासारखा दिसायला लागला. वर-खाली जाताना लोक त्याखालून वाकून जायचे आणि जाता जाता एखादा दोरा बोटानं छेडायचे. मी पळी घेऊन जायचे तेव्हा मला रांगत जावं लागायचं.

एकदा दोरा बांधून झाला की माणसाला वर्दीची घाई होते. मनगटाला खाज सुटते म्हणतात. लोक कठड्याला टेकून तिच्याशी बोलायला लागले. आधी गोड. रेणू, तुझा फोन वाजतोय बघ. रेणू, लग्न ठरलं का गं? मग विनोद सांगायला लागले, ती हसेल म्हणून. रेणूला हसू लवकर येतं. तिनं गाल आतून चावून धरले. मग विनोद संपले आणि ते नुसतं बोलायला लागले. फार शहाणी आहे. एवढं शिकून जिन्यात लोंबकळतेय. आईनं तोंड बंद ठेवायला शिकवलंय. हे शेवटचं खरं होतं. अण्णा येऊन तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, बाळ, मला काही तुझं वाईट करायचं नाही, पण साखरपुड्याच्या घरात पाहुण्यांच्या डोक्यावर असं अर्धवट काही बरं दिसत नाही. जे व्हायचंय ते होऊन जाऊ दे. त्यांच्या आवाजात खरोखर माया होती.

रेणूच्या हातातली माळ तोवर वाळली होती. ती तिनं सोडली नाही. सोडली तर काहीतरी पडेल, आणि आता तिला काहीही पडायला नको होतं.

रविवारी सकाळी पाहुणे यायच्या आधी शकुताईंनी खर्डा करायला घेतला. साखरपुड्याच्या जेवणात खर्डा कोण करतं. पण त्यांनी दार उघडं टाकलं, गॅस जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवला, तवा तापवला आणि लवंगी मिरच्या कोरड्याच टाकल्या. वर तेल सोडलं. धूर जमिनीवरून सरपटत कठड्यापाशी आला आणि खाली उतरला.

पहिल्यांदा मीच ठसकले. मग वरचे, मग खालचे. सगळी इमारत खोकत होती आणि खोकता खोकता आपापली मनगटं पुढं धरत होती. अण्णा नवा सदरा घालून खाली येऊन उभे राहिले, घसा साफ केला. शकुताईंनी तवा तसाच ठेवून बादली उचलली.

रेणूचे डोळे भरून वाहत होते. पाणी गालावरून कानाकडं जात होतं आणि थेंब तिथंच, तिच्याशेजारी, अधांतरी राहत होते. तिनं उजवा हात तोंडावर आणि नाकावर दाबून धरला. गळ्याशी काहीतरी वर येत होतं आणि ती ते खाली ढकलत होती. परत वर येत होतं. मी हे तिच्या पहिल्या डांग्या खोकल्यापासून ओळखते. आणखी एक आवंढा, फार तर दोन.

माझ्या हातांना तिच्यापर्यंत पोचायला पाळी होती. आधी भाषण, मग फरशी. तिच्या हातांना माझ्यापर्यंत पोचायला पाळी नव्हती. माझ्या पडण्याला या इमारतीत एकच दोरा आहे आणि तो तिचा आहे. एकीची गोष्ट अर्धवट असताना दुसरीनं वर्दी दिली तर दुसरीचं काम आधी पुरं होतं, हे मी फळ्यावर कितीतरी वेळा बाण काढून दाखवलं आहे. तिनं मला धरलं की माझं पडणं संपणार. आणि जी मला धरून आहे तिला मी धरलेलंच असणार.

मी पदर खोचला, कठड्यावर चढले आणि पाय सोडले.

पडणं सोपं आहे. कठडा वर जातो आणि मग सगळं थांबतं. मी रेणूच्या समोर, हातभर वर येऊन थांबले. माझ्या चपला खाली गेल्या. इतक्या जवळून मी तिला कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. ओठांना चिरा पडल्या होत्या. भुवईत झेंडूची एक पाकळी होती. तिनं मला बघितलं आणि मान जोरजोरात नाही, नाही अशी हलवली. मी ओठ मिटून तिच्याकडं बघत राहिले, तिला धीर यावा म्हणून.

खालून अण्णा म्हणाले, "वहिनी, हे काही बरं नाही केलंत. पाहुणे दारात आलेत."

वर शकुताईंनी बादली खाली ठेवली. कंबरेला खोचलेला, गुंडाळलेला दोरा काढला, त्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि माझ्या कमरेपर्यंत हात पोचतो का ते कठड्यावरून वाकून बघायला लागल्या. त्यांच्या मागं पाटलीणबाई. त्यांच्याही हातात दोरा होता.

थांबायला वेळ नव्हता.

"पडले," मी म्हटलं.

पोटात रुतलेला दोरा सुटून वर आला आणि ताठ झाला. रेणूच्या बांगडीखाली तो तिला लागला असणार, कारण ती दचकली. चार वर्षांच्या पोरीनं कबूल केलेलं काम तिला आता करायचं होतं, त्यात तिला विचारायचा प्रश्न नव्हता. तिनं माळ सोडली. मग तोंडावरचा हात काढला आणि दोन्ही हात माझ्याकडं केले.